सामाईक घर: ट्रस्ट करायचा की सोसायटी? गुहागरकडचा आमचा अनुभव

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत, आम्ही अकरा घरची माणसं एका आवारात राहतो. प्रत्येकाला एक खोली, न्हाणीघर आणि पुढे छोटी पडवी. स्वयंपाकघर, जेवणघर, ओटी आणि मागची नारळ-सुपारीची वाडी सगळ्यांची मिळून. बहुतेक जण निवृत्त, काही एकटे, एक जोडपं अजून मुंबईत नोकरीला आणि गणपती-शिमग्याला येणारं. मुलं पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात. गावातली मोठी घरं कुलपात, मेच्या शेवटी कौलं परतायला माणूस मिळत नाही, आणि रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर हाक कुणाला मारायची? या काळजीतून हे घर उभं राहिलं.

दापोली, राजापूर, देवगडकडून लोक फोन करतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: ‘ट्रस्ट केलात का? कर माफ झाला का?’ मी शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे आमच्याकडच्या कागदांचं काम माझ्याकडे आलं आणि मुख्य प्रवर्तक, म्हणजे संस्था नोंदवणाऱ्यांची प्रमुख, म्हणून सह्याही माझ्याच झाल्या. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ लागू झाला. आमची कागदपत्रं जुन्या कायद्याखाली झाली आणि सीए, बँकवाले अजूनही जुनेच आकडे बोलतात, म्हणून मी कलमं जुनीच देते. तुमच्या सीएंना नवीन क्रमांक विचारून घ्या.

पहिल्या बैठकीत सगळ्यांचा कल ट्रस्टकडे होता. आपल्याकडे ते साहजिक आहे. देवस्थानाचा ट्रस्ट, गावच्या शाळेचा ट्रस्ट, मुंबईतल्या ज्ञातीच्या वसतिगृहाचा ट्रस्ट. चार माणसांनी मिळून काही चांगलं उभं केलं की त्याचा ट्रस्टच व्हायचा, हे लहानपणापासून पाहिलेलं. आमच्यातल्या एकांनी घटनेचा मसुदाही लिहून आणला. उद्देश क्रमांक एक: ‘सभासदांच्या निवासाची व भोजनाची सोय करणे’. खोलीसाठी प्रत्येकाने जी रक्कम घालायची ती देणगी म्हणून दाखवायची, म्हणजे ८०जीची, देणगीदाराला आयकरात मिळणारी, सवलतही मिळेल, असाही एक विचार पुढे आला.

हा मसुदा घेऊन मी आणि माझी मावसबहीण रत्नागिरीला सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या एका निरीक्षकांनी मसुदा शांतपणे वाचला, पहिल्या उद्देशावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “या घरात राहणार कोण?”

“आम्ही.”

“पैसे कोण घालणार?”

“आम्हीच.”

“आणि विश्वस्त?”

“आमच्यातलेच पाच.”

“मग बाई, उद्या तुमच्या शेजारच्या वाडीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीने अर्ज केला, तर तिला खोली मिळेल?”

खोल्या अकरा आणि माणसं ठरलेली. मी तसं सांगितलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. “चांगलं काम आहे. पण सार्वजनिक नाही.”

त्या पाच मिनिटांत आमच्या सगळ्या प्रक्रियेची दिशा ठरली, आणि मी त्यांची आजही ऋणी आहे. नोंदणीसाठी नुसता अर्ज आतमध्ये ढकलून दिला असता तर पुढे आयकराच्या पायरीवर आपटलो असतो, तेही सगळ्यांचे पैसे अडकल्यावर.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये ‘धर्मादाय’ कशाला म्हणायचं ते कलम ९ मध्ये दिलं आहे: गरिबी किंवा संकटात मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचं इतर काम. आयकर कायद्यातली व्याख्या, कलम २(१५), थोडी लांब आहे, पण तिचाही गाभा तोच. लाभ घेणारा हा लोकांपैकी कुणीतरी हवा, आधीच नावानिशी ठरलेला नको. अकरा मित्रांनी आपापल्या पैशांनी आपल्यासाठी बांधलेलं घर त्यात बसत नाही. त्यांचं वय सत्तर असलं, हेतू कितीही निर्मळ असला, तरीही नाही.

चिपळूणच्या आमच्या सीए बाईंनी याची दुसरी बाजू दाखवली. आयकर कायद्याचं कलम १३(१)(सी) सांगतं, की ट्रस्टच्या उत्पन्नाचा किंवा मालमत्तेचा फायदा संस्थापक, विश्वस्त, मोठे देणगीदार आणि त्यांचे नातेवाईक यांना मिळाला तर तेवढी करमाफी जाते. आमच्याकडे देणगीदार, विश्वस्त आणि राहणारे एकच. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा वळवलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहेच, वर कलम २७१एएई खाली त्या रकमेइतका दंड, आणि पुन्हा तेच घडलं तर दुप्पट. खोलीच्या बदल्यात दिलेल्या पैशाला देणगी म्हणण्याची कल्पना त्यांनी एका वाक्यात संपवली: “ज्याच्या बदल्यात खोली मिळते ती देणगी नाही, आणि मी तशी पावती करू देणार नाही.” मला त्यांचा हा स्वभाव फार आवडला. सीए निवडताना कर किती वाचवून देतात याच्याआधी कुठे नाही म्हणतात ते बघा.

ट्रस्टच्या विरोधात मला स्वतःला सगळ्यात जड वाटलेलं कारण मात्र कराचं नव्हतं. ट्रस्टच्या नावावर गेलेली जमीन-इमारत विकायची तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरी लागते. सार्वजनिक मालमत्तेसाठी हा नियम योग्यच आहे. पण आमच्यातल्या कित्येकांनी मुंबईतली खोली विकून आयुष्याची पुंजी इथे आणली. उद्या कुणाला मुलाकडे जावं लागलं, कुणाचं मोठं आजारपण निघालं, तर त्या माणसाला आपले पैसे परत मिळायला हवेत. धर्मादाय संस्थेतून ‘माझा वाटा’ काढून घेता येत नाही. म्हातारपणी हा फरक फार मोठा असतो.

याच सुमारास कुणीतरी सुचवलं, की घर आपल्या ज्ञातीपुरतं ठेवावं, म्हणजे ज्ञातिमंडळाकडून मदत मिळेल. तेही तपासलं. १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट एखाद्या विशिष्ट धर्म-समाजापुरता किंवा जातीपुरता असेल तर आयकराच्या कलम १३(१)(बी) मुळे त्याची करमाफी जाते. जुन्या ज्ञातिसंस्थांकडे बघून आपणही तसंच करू म्हणणाऱ्यांनी त्यांचं स्थापनेचं वर्ष आधी बघावं. आमच्यात हा मुद्दा कायद्याच्या आधीच मिटला होता, कारण अकरा घरांत पाच-सहा समाजांची माणसं आहेत आणि तसंच राहावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

कलम ८ ची कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी, आम्ही चर्चेतच बाजूला ठेवली. नफा वाटायचा नाही हे तिचं तत्त्व चांगलं, पण ‘सभासदांचं स्वतःचं घर’ हा तिचा उद्देश होऊ शकत नाही, आणि दरवर्षीची कंपनी कार्यालयाची कागदपत्रं आमच्या वयाला झेपणारी नव्हती. खाजगी ट्रस्टमध्ये कुणाचा वाटा किती हे नक्की नसेल तर सर्वात वरच्या दराने कर लागतो. तोही सोडला.

उरली सहकारी गृहनिर्माण संस्था. सुरुवातीला याला विरोध झाला, कारण सोसायटी म्हटलं की डोळ्यांसमोर डोंबिवलीची चार मजली इमारत आणि पार्किंगची भांडणं येतात. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालच्या नियमांत गृहनिर्माण संस्थांचे प्रकार दिले आहेत, आणि त्यातला ‘भाडेकरू सहभागीदारी’ हा प्रकार आमच्यासारख्यांसाठीच केल्यासारखा आहे. यात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची. सभासदाकडे भाग आणि त्यासोबत खोली वापरण्याचा हक्क. ‘भाडेकरू मालकी’ प्रकारात घर सभासदाचं असतं, ते आम्हाला नको होतं, कारण मग स्वयंपाकघर कुणाचं हा वाद कायमचा. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्या सहभागीदारीच्या आहेत. आपण त्यांना फ्लॅटची सोसायटी म्हणून ओळखतो, इतकंच. २०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी १५४-बी मालिकेतल्या कलमांचं स्वतंत्र प्रकरण आलं, त्यामुळे लहान संस्थेलाही आता वाट आहे.

नोंदणीचं काम तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होतं. आधी नाव राखून घ्यायचं, मग जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत प्रवर्तकाच्या नावाने खातं उघडून भागाची आणि प्रवेश फीची रक्कम भरायची. मग नमुना ‘अ’ मधला अर्ज, सभासदांची यादी, प्रतिज्ञापत्रं, जागेचे कागद, योजनेचा आराखडा आणि उपविधींच्या, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांच्या, प्रती. आमच्या फाइलला एकदा त्रुटीचं पत्र आलं, दोन सभासदांच्या नावातली आधार आणि पॅनवरची स्पेलिंग जुळत नव्हती म्हणून. हे छोटं वाटतं, पण लग्नाआधीचं नाव आणि नंतरचं नाव या गोंधळात आमच्या पिढीच्या बायका हमखास सापडतात. फाइल द्यायच्या आधी एक दिवस बसून सगळ्यांचे आधार, पॅन आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवून वाचून घ्या.

उपविधींवर आम्ही जास्त वेळ घालवला आणि तो कारणी लागला. आदर्श उपविधी फ्लॅटच्या सोसायटीसाठी लिहिलेले असतात. त्यात स्वयंपाकघराचा खर्च कसा वाटायचा, चार महिने मुंबईत राहणाऱ्याने जेवणाचे पैसे द्यायचे की नाहीत, कायमची शुश्रूषा लागणाऱ्या सभासदाची बाई कुठे राहणार, यातलं काही नसतं. हे सगळं आम्ही सर्वसाधारण सभेच्या ठरावाने नियम म्हणून लिहिलं. आणि वारसाचं. नॉमिनी हा मालक होत नाही. कायदेशीर वारस ठरेपर्यंत तो तात्पुरता सभासद असतो. प्रत्येकाने नामनिर्देशनाचा अर्ज भरलाच, शिवाय मृत्युपत्रही करावं असा आग्रह मी धरला. मुलांना पुढे खोली नको असेल तर संस्थेने भागाची किंमत कशी ठरवायची, हेही आत्ताच, सगळे हयात आणि प्रेमात असताना, लिहून ठेवलं आहे.

आता जागा. जागा आमच्यातल्या आप्पांची, वडिलार्जित. सातबाऱ्यावर चार भावांची नावं सामाईक. कोकणात कुठलंही काम इथे येऊन थांबतं. तिन्ही भावांनी आप्पांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं, मग फेरफार आणि मग बिनशेतीचं काम. भावांनी दाखवलेला मोठेपणा मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण त्याशिवाय पुढचा एकही कागद झाला नसता.

आप्पांना जागा संस्थेला बक्षीस द्यायची होती. “मी कुणाकडून पैसे घ्यायचे? तुमच्याकडून?” असं ते म्हणत. पण बक्षीसपत्राने संस्थेचा घात झाला असता. आयकराच्या कलम ५६(२)(एक्स) नुसार नातेवाईक नसलेल्याकडून फुकट मिळालेली स्थावर मालमत्ता, तिचं मुद्रांक मूल्य ५०,००० रुपयांच्या वर असेल तर, घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टला यातून सूट आहे, सोसायटीला नाही. म्हणजे आप्पांच्या दातृत्वावर सोसायटीने ३० टक्क्यांच्या आसपास कर भरायचा. स्वस्तात विकली तरी तोच अडथळा, रेडी रेकनरच्या (जमिनीच्या सरकारी दरपत्रकाच्या) दरापेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर कमी किंमत असेल तर फरक उत्पन्नात धरतात. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचाही विचार केला, पण २९ वर्षांवरच्या भाडेपट्ट्यावर महाराष्ट्रात बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर मुद्रांक शुल्क बसतं, मग त्यात वाचणार काय? शेवटी रेडी रेकनरच्या किमतीला सरळ खरेदीखत केलं.

आप्पांच्या भांडवली नफ्याचं गणित मी त्यांच्या ओटीवर बसून मांडून दाखवलं, ते इथेही मांडते. आकडे समजायला सोपे करून घेतले आहेत. समजा जागेची १ एप्रिल २००१ ची रास्त किंमत २ लाख आणि विक्री २०२४-२५ मध्ये १८ लाखांना. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला १२.५ टक्के दर, महागाई निर्देशांकाचा फायदा न घेता: १६ लाखांवर २ लाख. जागा त्या तारखेच्या आधीपासूनची असेल तर रहिवासी व्यक्तीला जुनी पद्धतही तुलनेला घेता येते: निर्देशांक २००१ चा १०० धरून ३६३, म्हणजे २ लाखांचे ७ लाख २६ हजार, नफा १० लाख ७४ हजार, त्यावर २० टक्क्यांनी २ लाख १४ हजार ८००. कमी असेल तो कर भरायचा. २००१ ची किंमत ठरवण्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या. तो खर्च वसूल होतो. कर भरून उरलेल्यातला मोठा वाटा आप्पांनी पुढे गावासाठी दिला, त्याकडे येतेच.

बांधकामात एक बाब बहुतेक संस्थांना माहीत नसते. सोसायटीने कंत्राटदाराला पैसे देताना टीडीएस, म्हणजे त्याच्या नावाने सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो, सोसायटी कितीही लहान असो. एका वेळी ३०,००० किंवा वर्षभरात १ लाखाच्या वर रक्कम गेली की व्यक्ती असलेल्या कंत्राटदाराचा १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लागतो आणि दर तिमाहीला विवरण भरावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. आमच्या गवंड्याला आधी वाटलं आम्ही त्याचे पैसे कापतो आहोत. त्याला ते त्याच्या पॅनवर जमा झालेलं मोबाइलवर दाखवलं आणि त्याचं विवरणपत्र भरून परतावा मिळवून दिला, तेव्हा त्याची खात्री पटली. चिरा लावणारी ही माणसं कुणाच्याच हिशेबात नसतात. एवढं त्यांच्यासाठी करायला हवं.

आता ज्यासाठी सगळे फोन करतात ते: सोसायटीला कर बसतो का? सभासदांनी आपल्याच खर्चासाठी एकत्र केलेल्या पैशातून काही उरलं तर ते उत्पन्न नव्हे, कारण स्वतःशीच व्यवहार करून कुणी नफा कमावत नाही. याला परस्परतेचं तत्त्व म्हणतात. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेंकटेश प्रिमायसेस सोसायटीच्या खटल्यात हस्तांतरण शुल्क, बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः राहत नसेल तेव्हाचं) अशा सभासदांकडून येणाऱ्या रकमा या तत्त्वात बसतात असं स्पष्ट केलं. म्हणजे आमची मासिक वर्गणी, जेवणाचे पैसे, दुरुस्ती निधी यांवर आयकर नाही. आणि त्यासाठी आम्हाला धर्मादाय व्हावं लागलं नाही! पहिल्या बैठकीत जी करमाफी मिळवण्यासाठी सगळी धडपड होती, तिचा मोठा भाग सोसायटीला असाच मिळतो.

पण बाहेरचा पैसा आला की तत्त्व थांबतं. २०१३ च्या बंगलोर क्लबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सभासदांचेच पैसे बँकेत मुदतठेवीत ठेवून आलेलं व्याज करपात्र आहे. सहकारी संस्थेला व्यक्तीसारखी करमुक्त मर्यादा नसते. पहिल्या १०,००० वर १० टक्के, पुढच्या १०,००० वर २०, आणि त्यावर ३०. चाळीस हजार व्याज आलं तर कर ९,००० आणि चार टक्के उपकर धरून ९,३६०. यासाठी आम्ही ठेवी सहकारी बँकेत ठेवल्या. कलम ८०पी(२)(डी) प्रमाणे एका सहकारी संस्थेला दुसरीकडून मिळालेल्या व्याजाची वजावट मिळते, आणि सहकारी बँकेच्या व्याजालाही ती लागू आहे असे अपील न्यायाधिकरणाचे अनेक निकाल आहेत. आयकर खातं कधीकधी हरकत घेतं, तेव्हा निकालांच्या प्रती फाइलला लावून ठेवाव्यात. आणि ही वजावट विवरण वेळेत भरलं तरच मिळते. आमचं लेखापरीक्षण सहकार कायद्यानेच बंधनकारक, म्हणून आयटीआर-५ या विवरणाची तारीख ३१ ऑक्टोबर. ती माझ्या दिनदर्शिकेवर लाल शाईत आहे.

वाडीतल्या नारळ-सुपारीचं उत्पन्न शेतीचं, ते करमुक्त; मात्र त्याची वेगळी खतावणी ठेवली आहे. मोबाइल टॉवरसाठी एक कंपनी येऊन गेली. भाडं चांगलं होतं, पण ते करपात्र आणि टॉवर आमच्या डोक्यावर, म्हणून सभेने नको म्हटलं. पाहुण्यांची खोली आम्ही फक्त सभासदांच्या पाहुण्यांना, सभासदाच्याच बिलात लावून देतो. मे महिन्यात पर्यटकांना दिली तर पैसे मिळतील हे खरं, पण मग तो व्यवसाय झाला, आणि ज्या शांततेसाठी आलो तीही गेली.

जीएसटीची भीती उगाच घालतात. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. आमच्याकडे जेवणासकट दर खोलीला महिना ९,००० धरले तरी अकरा खोल्यांचे वर्षाचे ११ लाख ८८ हजार होतात. मोठ्या संस्थांनी मात्र लक्ष ठेवावं: उलाढाल २० लाखांच्या वर आणि वर्गणी दरमहा ७,५०० च्या वर, अशा दोन्ही गोष्टी झाल्या की १८ टक्के लागतो. घरपट्टी ग्रामपंचायत नेहमीच्या दराने घेते आणि आम्ही ती आनंदाने भरतो. रस्ता, नळ, दिवे आम्हीही वापरतो.

आणि शेवटी ट्रस्ट. तो आम्ही केलाच, पण घरासाठी नाही. निरीक्षकांनी विचारलेला त्या शेजारच्या म्हातारीचा प्रश्न आम्हा सगळ्यांच्या मनात राहिला होता. आप्पांनी दिलेल्या रकमेतून एक छोटा सार्वजनिक ट्रस्ट रत्नागिरीला नोंदवला. त्याचं काम एवढंच: आजूबाजूच्या वाड्यांतल्या एकट्या वृद्धांना दुपारचा डबा, रक्तदाब-साखरेची तपासणी आणि पेन्शन, आधार, बँकेच्या कागदांत मदत. जात, पक्ष, ओळख काही न बघता. विश्वस्तांत निम्मी माणसं गावातली आहेत, एक निवृत्त परिचारिका, एक माजी पोस्टमास्तर. चौकशी होऊन नोंदणी क्रमांक आला, मग पॅन, मग आयकराचा फॉर्म १०ए ऑनलाइन भरून १२एबी (ट्रस्टच्या स्वतःच्या करमाफीसाठी) आणि ८०जीची तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळाली. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, हे सगळ्या विश्वस्तांना पाठ करून ठेवलं आहे. जुन्या ट्रस्टांची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

घर आणि ट्रस्ट एकाच आवारात आहेत, म्हणून हिशेब काटेकोर वेगळे. स्वयंपाकघरात फळीवर दोन वह्या असतात, लाल सोसायटीची आणि हिरवी ट्रस्टची. तांदळाची पोती वेगळी, सिलिंडर वेगळे, डब्याचा स्वयंपाक करणाऱ्या दोन बायकांचा पगार ट्रस्टच्या खात्यातून. आमच्यापैकी कुणी आजारी पडून डबा मागितला तरी तो लाल वहीतून जातो. एकदा सभासदांच्या जेवणात मीठ संपलं तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी ट्रस्टच्या डब्यातून मूठभर मीठ घ्यायला नकार दिला आणि मला दुकानात पाठवलं. त्यांना कलम १३ कुणी शिकवलं नव्हतं. “ते गावाचं हाय” एवढंच त्या म्हणाल्या. ट्रस्टला बसायची खोली सोसायटीने विनामोबदला वापरायला दिली आहे. भाडं घेतलं असतं तर ते सोसायटीचं बाहेरचं उत्पन्न होऊन करपात्र झालं असतं, आणि ट्रस्टचा पैसा विश्वस्तांच्याच सोसायटीकडे गेला असता.

तुमचं घर खरोखर इतरांसाठी असेल, म्हणजे अर्ज करणाऱ्या कुणाही गरजू वृद्धाला प्रवेश, तर तुम्ही थेट ट्रस्टकडेच जा. तिथे सवलती चांगल्या आहेत. १२एबी नोंदणी असलेल्या संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमात ६० वर्षांवरच्या निवासींकडून राहणं, जेवण, देखभाल मिळून दरमहा माणशी २५,००० पर्यंत घेतलेल्या रकमेवर जीएसटी नाही. जमीन दान घेता येते, देणगीदाराला ८०जी देता येतं. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशावर खर्च व्हायला हवा आणि देणग्यांचं विवरण ३१ मेच्या आत भरायला हवं. दापोलीकडच्या एका गटाला मी हेच सांगितलं, कारण त्यांच्या घरात संस्थापकांपैकी कुणीच राहणार नव्हतं.

आमच्या ट्रस्टचं काम सुरू झालं आहे, त्यामुळे आता नियमित नोंदणीचा अर्ज करायचा आहे. तो काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत किंवा तात्पुरती मुदत संपायच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा द्यावा लागतो. वार्षिक उत्पन्न पाच कोटींच्या आतल्या संस्थांना २०२५ च्या दुरुस्तीने ही नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांची मिळू शकते. अर्जासोबत लागणारी डब्यांची यादी, तपासणीची रजिस्टरं आणि बँकेचे उतारे मी आणि आमचे माजी पोस्टमास्तर दर रविवारी सकाळी बसून लावतो आहोत. तुमच्यापैकी कुणाला आमच्या उपविधींचा नमुना किंवा दोन वह्यांची मांडणी बघायची असेल तर रविवारीच या, सगळे कागद तेव्हा बाहेरच असतात.